धनेशांची आठवड्याची हालहवाल

एका जंगलात, मुलांनो, अजून रस्ता पोचला नव्हता, पण समुपदेशन पोचलं होतं.

त्या जंगलात बेहड्याचं एक उंच झाड होतं. झाडाच्या खोडात एक ढोली होती. त्या ढोलीत केतकी नावाची धनेशीण दार लिंपून बसली होती.

घाबरू नका. तिला कुणी कोंडलं नव्हतं. धनेश पक्ष्यांमध्ये रीतच तशी आहे. अंडं घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखलानं दार लिंपून टाकते. चोच जाईल एवढी एक फट तेवढी ठेवते. मग आत बसल्या बसल्या तिची पंखांची पिसं गळतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तोवर नवऱ्यानं फळं आणायची आणि फटीतून भरवायची.

सोय तशी चांगली आहे. आत साप येत नाही, घोरपड येत नाही, सासरचे येत नाहीत. अडचण एवढीच, की नवराही आला नाही तर आतल्यांचं काही खरं नाही.

केतकीच्या नवऱ्याचं नाव धनाजी. भला पक्षी होता. तो फांदीवर येऊन बसायचा, गळ्यातून एकेक उंबर वर काढायचा आणि फटीतून आत द्यायचा. देताना म्हणायचा, "घे." सगळी देऊन झाली की म्हणायचा, "येतो." दिवसभर हेच चालायचं. घे, येतो. घे, येतो.

आता केतकी होती शिकलेली. शिकलेल्याला अंधारात एका जागी बसवलं, की तो विचार करायला लागतो. अंड्याला ऊब पुरतेय ना? मी फार हलते का? की अगदीच हलत नाही? शेजारच्या झाडावरची हळदी पक्षीण तिच्या अंड्यांना गाणं म्हणून दाखवते म्हणे. आपण म्हणत नाही, तर आपलं पिल्लू मागे पडेल का? तिनं एकदा गाणं म्हणून पाहिलं. मग आवाज ऐकून अंडं दचकलं असेल, या काळजीनं तिला दुपारभर झोप लागली नाही.

पण या सगळ्या काळज्यांच्या तळाशी एक मोठी काळजी होती. धनाजी येतो, तो माझ्यासाठी येतो, की अंड्यासाठी, की नुसताच सवयीनं येतो?

हे विचारायचं कसं? फटीतून तिला त्याची चोच आणि जरासा गळा तेवढा दिसायचा. चोचीवरून कुणाच्या मनातलं काय कळणार?

वरच्या फांदीवर शेकरूकाकू राहायच्या. शेकरू म्हणजे झुबकेदार शेपटीची मोठी खार. केतकीनं त्यांना हाक मारली.

"काकू, काका तुमच्याशी बोलतात का हो?"

"बोलतात की. परवाच म्हणाले, सरक."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मी सरकले नाही."

"तसं नव्हे काकू. मनातलं बोलतात का?"

"अगं, तेच होतं त्यांच्या मनात."

काकूंना शिक्षण नव्हतं, म्हणून केतकीनं विषय वाढवला नाही. तिनं कोकिळाताईंना बोलावणं पाठवलं.

कोकिळाताई त्या जंगलात जोडप्यांना मार्गदर्शन करायच्या. त्यांची स्वतःची अंडी कावळ्यांकडे असत, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायला सवड होती. आवाज तर इतका गोड, की त्या काहीही बोलल्या तरी ऐकणाऱ्याला ते पटायचं.

त्या फटीपाशी बसल्या. त्यांनी केतकीचं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्यात प्रेम आहे, पण रचना नाही," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या जंगलात याला चेक-इन म्हणतात. आपण हालहवाल म्हणू. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवायची. सूर्य टेकडीला टेकला की सुरुवात, मावळला की समाप्ती. आधी एकमेकांचं कौतुक. मग आपापल्या भावना. वाक्य 'तू'नं सुरू करायचं नाही, 'मला'नं सुरू करायचं. 'तू' म्हटलं की भांडण आलंच."

"आणि?"

"आणि महत्त्वाचं काही येता-जाता, खाता-खाता बोलायचं नाही. ते हालहवालीसाठी राखून ठेवायचं. आणि हालहवालीत व्यवहाराचे विषय आणायचे नाहीत. फळं, पाणी, साप, चिखल. हे सगळं नात्यावर चढणारं शेवाळ असतं गं. ते बाजूला केलं की खालचं नितळ मन दिसतं."

"पण ताई, फळांचं मग बोलायचं कधी?"

"मनं जुळली की अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत," कोकिळाताई म्हणाल्या. त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की केतकीला आपल्या प्रश्नाची लाज वाटली.

पहिल्या हालहवालीला कोकिळाताई स्वतः हजर राहिल्या. धनाजी फांदीवर येऊन बसला. त्यानं सवयीनं गळा फुगवला आणि एक उंबर वर काढला.

"ते नंतर," ताई म्हणाल्या. "आधी कौतुक."

धनाजीनं उंबर परत गिळला. बराच वेळ विचार केला.

"तू आत आहेस," तो म्हणाला.

"'तू' नको," ताई म्हणाल्या.

"मला… ही आत आहे."

"छान. पुढे?"

"नीट आहे."

"सुंदर! आता भावना. आत खोल डोकावून बघा, धनाजीराव. काय वाटतंय?"

धनाजीनं मान वाकवून आत डोकावून पाहिलं. "मला वाटतंय, सूर्य बुडत आला."

"ही भावना नाही."

"मग मला काही वाटत नाही," धनाजी म्हणाला, आणि आपलं काय चुकलं ते न कळून फटीकडे बघत राहिला.

केतकीला त्याची कीव आली, आणि स्वतःचा थोडा रागही आला. पण करायला घेतलं ते अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती. आणि धनाजी, मी म्हटलंच तुम्हाला, भला पक्षी होता. बायकोला हवंय म्हटल्यावर तो शिकायला लागला. उंबरावर बसल्या बसल्या वाक्यं जुळवायचा. उडता उडता घोकायचा. तिसऱ्या-चौथ्या हालहवालीला तो फांदीवर बसला, त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "मला आज पानं झडलेल्या सावरीसारखं वाटलं. पण त्या सावरीला कुणीतरी आतून ऊब देतंय, असंही वाटलं."

केतकीच्या अंगावर काटा आला. म्हणजे आला असता, पण पिसं गळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शेकरूकाकू खाली उतरून आल्या. "काय गं, तुझा नवरा कवी झाला की काय? काल ऐकता ऐकता माझ्या डोळ्यातून पाणी आलं. डोळ्यात कचरा गेला होता म्हणा, पण वेळ जुळली."

केतकी हसली. खूप दिवसांनी तिला हलकं वाटलं. आपला संसार आता बोलता झाला, असं तिला वाटलं.

त्याच आठवड्यात अंडं फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं.

पिल्लाला पिसं नव्हती, डोळे मिटलेले होते आणि अंगापेक्षा तोंड मोठं होतं. त्याला एकच शब्द येत होता. "भूक!" खाऊन झालं की ते झोपायचं. उठलं की म्हणायचं, "भूक!"

आणि नेमकी याच सुमाराला फळं कमी व्हायला लागली.

आधी धनाजी दिवसातून कितीदा यायचा याची गणतीच नसायची. आता सकाळी एकदा आणि उन्हं उतरल्यावर एकदा यायचा. आणायचा तीही थोडी, त्यात निम्मी हिरवी. हिरवी खाऊन पिल्लाचं पोट दुखायचं. मग केतकी पिकलेली फळं पिल्लाला भरवायची आणि हिरवी आपण गिळायची. कधी तीही उरायची नाहीत.

तिच्या ओठांवर, म्हणजे चोचीवर, प्रश्न यायचा. अरे, फळं का कमी आणतोस? पण तो खाता-खाता विचारण्यासारखा नव्हता, कारण महत्त्वाचा होता. हालहवालीत विचारण्यासारखाही नव्हता, कारण फळांचा होता. तिनं ढोलीच्या अंधारात बसून त्या प्रश्नाला घासूनपुसून नीट केलं. शेवटी हालहवालीच्या संध्याकाळी ती म्हणाली, "मला हल्ली एक अपुरेपण जाणवतं."

 धनाजी बाहेरून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मलासुद्धा."

"दोघांना एकच भावना!" त्याही दिवशी हजर असलेल्या कोकिळाताईंनी पंख फडफडवले. "एवढी जुळलेली जोडी या जंगलात मी पहिल्यांदा पाहतेय."

केतकीलाही क्षणभर बरं वाटलं. मग पिल्लू उठलं.

पुढच्या हालहवालीचा दिवस उजाडला. सकाळ झाली, धनाजी आला नाही. ऊन चढलं, धनाजी आला नाही. पिल्लू आधी ओरडलं, मग नुसतंच तोंड उघडून बसलं. ओरडणारं पिल्लू परवडतं, मुलांनो. गप्प बसलेलं पिल्लू आईला बघवत नाही.

"काकू!" केतकीनं फटीतून हाक मारली. "धनाजी दिसला का कुठे?"

"दिसला की. सकाळपासून ओढ्याकाठी तुझ्या ताईंच्या वर्गात बसलाय. सगळी जोडप्यानं आलीत, हा एकटा. डोळे मिटून काहीतरी घोकत होता."

"काय घोकत होता?"

"रिकामेपण, रिकामेपण, असं काहीतरी. अवघड गोष्ट जोडीदाराला हळुवार कशी सांगावी, असा आजचा पाठ आहे म्हणे." काकू फटीशी वाकल्या. "काय अवघड आहे गं त्याचं?"

केतकीनं चोच फटीतून आत ओढून घेतली. 

म्हणजे तो सोडून चाललाय. हळुवारपणे. मीच त्याला आत खोल डोकावायला लावलं. त्यानं डोकावलं, आणि तिथे मी नव्हते. गप्प होता तोवर बरा येत होता. कशाला बोलता केला मी त्याला?

तिनं आपले पंख पसरून पाहिले. नव्या पिसांचे नुसते खुंट वर आले होते. त्यांवर उडणं सोडा, झाडावरून पडतानासुद्धा उपयोग झाला नसता. तरी तिनं चोचीनं दारावरचा वाळलेला चिखल टोकरायला सुरुवात केली. एक ढपला आत पडला. मग तिला बुंध्यापाशी उन्हात पडलेली घोरपड दिसली. घोरपडीला काही घाई नव्हती. दार फुटलं तर ती वर यायला मोकळी होती, आणि केतकी पिल्लाला घेऊन कुठेही जायला मोकळी नव्हती.

केतकीनं पडलेला ढपला ओला करून परत जागी बसवला. पिल्लाला पोटाखाली घेतलं, आणि सूर्य टेकडीला टेकायची वाट बघत बसली.

सूर्य टेकला. पंखांचा तो ओळखीचा फुसफुसता आवाज आला आणि धनाजी फांदीवर उतरला. मागोमाग कोकिळाताई आल्या. आज त्यांना आपल्या शिष्याची प्रगती बघायची होती.

फटीतून केतकीला चोच दिसली. गळा फुगलेला नव्हता.

"मला कौतुक वाटतं," धनाजीनं सुरुवात केली, "तुझ्या धीराचं."

"मलाही," केतकी म्हणाली. आवाज नीट ठेवायला तिला फार त्रास झाला.

"मला आज एक अवघड गोष्ट तुझ्यापाशी ठेवायची आहे. माझ्या आत एक रिकामेपण आहे. जिथे पूर्वी भरलेपण होतं, तिथे आता काही उरलेलं नाही. मी पुष्कळ शोधलं."

कोकिळाताईंनी समाधानानं मान डोलावली. केतकीनं डोळे मिटून घेतले. आता काय म्हणायचं असतं ते तिला पाठ होतं.

"तुझं रिकामेपण मी ऐकलं," ती म्हणाली. "मी त्याचा आदर करते."

आणि ती रडायला लागली. बाहेर धनाजीही रडायला लागला. वरच्या फांदीवर शेकरूकाकूंनी शेपटीनं डोळे पुसले. कार्यक्रम अतिशय सुरेख चालला होता.

तेवढ्यात पिल्लू उठलं.

"भूक!"

"बाळा," कोकिळाताई फटीशी वाकून म्हणाल्या, "'मला भूक जाणवते' असं म्हणावं. आणि आपली पाळी आल्यावर म्हणावं."

"भूक!" पिल्लू म्हणालं, आणि तोंड उघडं ठेवूनच ते एका बाजूला कलंडलं.

केतकीनं ते पाहिलं. तिनं चोच फटीतून जेवढी जाईल तेवढी बाहेर काढली.

"तू फळं का आणली नाहीस?" ती ओरडली.

वाक्य 'तू'नं सुरू झालं होतं. 

"कुठून आणू?" धनाजीचाही आवाज चढला. "उंबर संपले!"

"कधी संपले?"

"हे पोर बाहेर आलं तेव्हाच संपले!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? खाता-खाता महत्त्वाचं बोलायचं नाही. हालहवालीत फळांचं बोलायचं नाही. मग काय झोपेत येऊन सांगू?"

"मग आज दिवसभर वर्गात बसून काय केलंस?"

"उंबराचं नाव न घेता उंबर संपले हे कसं सांगायचं, ते शिकलो!"

"शिकलास?"

"शिकलो ना! आत्ता काय सांगत होतो मग?"

"मला वाटलं, तू मला सोडून चाललायस!"

"सोडून?" धनाजी थांबला. "सोडून कुठे?"

"कुठे म्हणजे? सोडून!"

"हो, पण कुठे?" धनाजी पुन्हा म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. केतकी नसलेली अशी एखादी जागा असते, आणि तिथे जाता येतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

 इतके दिवस जो प्रश्न तिला विचारता येत नव्हता, त्याचं उत्तर असं भलत्याच वेळी आलं होतं, आणि तिला रागातून बाहेर पडायलाही सवड नव्हती.

"मग ती थोडी थोडी फळं आणत होतास, ती कुठली?" तिनं विचारलं.

"टेकडीपलीकडची. तिथे नांदरुकाचं झाड पिकलंय. लांब पडतं. येईस्तोवर घसा कोरडा होतो, आणि आलो की तू विचारतेस, आत खोल काय वाटतं. आत खोल तहान लागलेली असते मला!"

"मग पाणी पिऊन यायचं!"

"हालहवालीला उशीर झाला की तूच रुसतेस!"

"मी रुसत नाही, मला दुर्लक्षित वाटतं! बरं ते राहू दे. उजेड आहे अजून. जा आणि घेऊन ये!"

"जातो! पण हे भांडण राहिलंय!"

"आल्यावर करू! आणि हिरवी आणू नकोस. पोट दुखतं त्याचं."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू?" केतकी किंचाळली.

"केतकी, धनाजीराव," कोकिळाताई मध्ये पडल्या, "आपण सगळे एक खोल श्वास घेऊ या."

पण धनाजी उडाला होता.

अंधारून येता येता तो परतला. गळा भोपळ्यासारखा फुगला होता. त्यानं एकेक नांदरुक वर काढलं. सगळी पिकलेली होती.

"घे," तो म्हणाला.

केतकीनं घेतलं. पिल्लाला दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. पिल्लाचं पोट टम्म झालं आणि ते घासाच्या मध्येच झोपून गेलं. मग तिनं स्वतः खाल्लं.

"पाणी प्यायलास?"

"प्यायलो. म्हणून उशीर झाला."

"बरं," केतकी म्हणाली. "आता ये जवळ. भांडायचं राहिलंय ना?"

ते बराच वेळ भांडले. काकूंनी वरून सगळं ऐकलं आणि काकांनाही ऐकवलं.

सकाळी दोघांनाही फार शरम वाटली. कोकिळाताई येऊन तपासणी करून गेल्या. नात्याची मोठी पीछेहाट झाली आहे, असं त्यांचं मत पडलं. आठवड्याची हालहवाल सोडू नका, सावराल, असं त्यांनी सांगितलं. दोघांनी मान खाली घालून हो म्हटलं.

त्यानंतर धनाजी यायचा तो रोज थोडं भांडूनच जायचा. कुठलं झाड पिकलंय, कुठल्या झाडावर माकडं बसलीत, कालचं फळ आंबट का होतं, घोरपड पलीकडच्या फांदीवर दिसली ती तू बघितलीस का. हे सगळं ते चढ्या आवाजात एकमेकांना सांगायचे. त्यामुळे हालहवालीच्या संध्याकाळी बोलायला काही शिल्लक नसायचं. दोघं फटीच्या दोन बाजूंना चोच टेकवून गप्प बसायचे. कोकिळाताईंनी याला परिपक्व मौन असं नाव दिलं.

पिल्लू गुबगुबीत झालं. केतकीला नवी पिसं आली. तिनं दार फोडलं, आणि यथावकाश तिघंही उडाली.

पुढच्या हंगामात कोकिळाताईंनी ओढ्याकाठी मोठं शिबिर भरवलं. केतकी आणि धनाजीला त्यांनी मुद्दाम पुढे बसवलं. "यांच्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "एकही हालहवाल चुकवली नाही यांनी."

नुकतंच लग्न झालेली एक तांबट पक्षीण उठून उभी राहिली. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "केतकीताई, खरं सांगा. याचा उपयोग होतो?"

केतकीनं धनाजीकडे पाहिलं. धनाजी ओढ्यापलीकडच्या पिंपळाकडे बघत होता. पिंपळ पिकला होता. खरं काय ते सांगावं असं केतकीच्या अगदी मनात आलं. पण सगळी शिकलेली पाखरं बसली होती. त्यांच्यासमोर, आम्ही भांडतो, असं कसं सांगणार?

"हो," ती म्हणाली. "होतो ना."

तांबटीनं विश्वासानं मान हलवली, आणि तिच्या शेजारी बसलेली एक नवी धनेशीण दार लिंपायचा चिखल आणायला लगबगीनं निघाली.

तात्पर्य : नवराबायकोनं आठवड्यातून एकदा ठरवून, शांतपणे, मनातलं बोलत जावं. जी जोडपी हे करत नाहीत, ती नुसतीच भांडत बसतात. त्यांना एकमेकांची सगळी खबर असते, त्यांची पोरं वेळेवर जेवतात, आणि त्यापलीकडे त्यांच्या नात्यात काही घडत नाही.